ओळखपत्र, परिषद की युनियन? गुन्हेशास्त्राच्या क्षेत्रातल्या व्यावसायिक संघटना समजून घेताना



आजचा विषय आपल्या नेहमीच्या अध्ययन निष्पत्ती आणि मूल्यमापनापेक्षा जरा वेगळा आहे. पण तो शाळेतूनच माझ्याकडे चालत आला, म्हणून लिहिते.

दिवाळीच्या सुट्टीनंतरची पालक सभा होती. सभा संपली, सगळे गेले, आणि माझ्या चौथीतल्या एका मुलाचे वडील मागे थांबले. अंबडच्या एमआयडीसीत कामाला असतात. खिशातून एक लॅमिनेशन केलेलं कार्ड काढून त्यांनी टेबलावर ठेवलं. "मॅडम, हे बघा बरं जरा. ताईचं काढलंय."

ताई म्हणजे त्यांची मोठी मुलगी, माझीच जुनी विद्यार्थिनी. आता बारावी सायन्सला आहे. 'सीआयडी' मालिकेतल्या डॉ. साळुंखेंची लॅब बघत मोठी झालेली, त्यामुळे आठवीपासून एकच धोशा : मला फॉरेन्सिकला जायचंय. कार्डावर तिचा फोटो, वर लाल-निळी पट्टी, सिंहांसारखं काहीतरी चिन्ह, 'अखिल भारतीय', 'गुन्हे', 'अन्वेषण' असे जडजड शब्द, आणि खाली पद : जिल्हा सहसचिव. सतरा वर्षांची पोरगी जिल्हा सहसचिव! साडेचार हजार रुपये भरले होते. "ते म्हणले, या संघटनेचं मेंबर असलं की फॉरेन्सिकला, पोलिसात, सगळीकडे पहिलं प्राधान्य भेटतं. खरंय का मॅडम?"

मला शंका आली, पण खात्रीनं काही सांगता येईना. या क्षेत्रात खरोखर संघटना असतात का, कुणाच्या असतात, त्यांचा उपयोग काय, यातलं काहीच मला माहीत नव्हतं. म्हटलं, "दादा, आठ दिवस द्या, बघून सांगते." आठ दिवसांचे दोन महिने झाले. जे वाचलं, विचारलं, ते आज मांडते आहे, कारण असं कार्ड घेऊन उद्या तुमच्याही टेबलासमोर कुणीतरी उभं राहील.

'संघटना' हा एकच शब्द, कामं मात्र वेगळी

आधी आपलंच उदाहरण घेऊ. आपण शिक्षक निदान तीन ठिकाणी तरी वर्गणी भरतो. शिक्षक संघटना : जुनी पेन्शन, बदल्या, अशैक्षणिक कामं यासाठी भांडणारी. पतपेढी : कर्ज देणारी. आणि थोडे हौशी लोक गणित अध्यापक मंडळात किंवा १९६६ पासून काम करणाऱ्या मराठी विज्ञान परिषदेत जातात, कारण अपूर्णांक किंवा विज्ञानाचे प्रयोग चांगले कसे शिकवावेत हे तिथे कळतं. बोलताना आपण या सगळ्यांना 'संघटना'च म्हणतो. पण पगारासाठी कुणी गणित मंडळात जात नाही आणि अपूर्णांक शिकायला कुणी मोर्चात जात नाही. शिवाय यातल्या एकाही वर्गणीमुळे आपल्याला नोकरी लागलेली नाही. ती डीएड आणि पात्रता परीक्षेवर लागली.

गुन्हे आणि न्याय या क्षेत्रातही तसंच आहे, फक्त व्यवसाय जास्त आहेत. गुन्हा घडल्यापासून शिक्षा भोगून माणूस घरी परत येईपर्यंत किती जणांचे हात लागतात बघा : पोलीस, ठसे तपासणारे, न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळेतले रसायनतज्ज्ञ, शवविच्छेदन करणारे डॉक्टर, वकील, न्यायाधीश, तुरुंग अधिकारी, परिविक्षा अधिकारी, समाजकार्यकर्ते, आणि या सगळ्यांचा अभ्यास करणारे गुन्हेशास्त्राचे प्राध्यापक. आपल्या नाशिकमध्ये ही जवळजवळ अख्खी साखळी आहे. त्र्यंबक रोडला महाराष्ट्र पोलीस अकादमी (१९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्याला सुरू झालेली प्रशिक्षण शाळा १९०९ मध्ये नाशिकला आली, तीच ही), सीबीएसजवळ जिल्हा न्यायालय, प्रादेशिक न्यायसहायक प्रयोगशाळा, नाशिकरोडचं मध्यवर्ती कारागृह, आणि म्हसरूळला आरोग्य विज्ञान विद्यापीठ. त्या मुलीला लॅब बघायची तर मुंबईला जायची गरज नाही. पत्ता तिच्याच शहरात आहे.

सक्ती कुठे आहे?

हा भाग पटकन सांगते. वकिलाला सक्ती आहे. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याप्रमाणे राज्याच्या बार कौन्सिलमध्ये, म्हणजे आपल्याकडे महाराष्ट्र आणि गोवा बार कौन्सिलमध्ये, नाव नोंदवल्याशिवाय कोर्टात वकिली करता येत नाही. त्यानंतर अखिल भारतीय बार परीक्षाही पास व्हावी लागते. ज्यांची मुलं लॉ करताहेत त्यांच्यासाठी एक कामाची गोष्ट : ही नोंदणी फी वेगवेगळ्या राज्यांत हजारोंत गेली होती. सर्वोच्च न्यायालयानं ३० जुलै २०२४ रोजी सांगितलं की कायद्यात लिहिलेल्या रकमेपेक्षा जास्त घेता येणार नाही. ती रक्कम आहे ७५० रुपये, आणि अनुसूचित जाती-जमातींसाठी १२५. डॉक्टरलाही मेडिकल कौन्सिलची नोंदणी लागते, मग तो दवाखाना चालवो की शवविच्छेदन करो.

यांना 'परिषद' म्हणावं, कारण त्या कायद्यानं जन्मलेल्या आहेत. चुकलेल्या वकिलाची सनद त्या काढून घेऊ शकतात.

पण फॉरेन्सिक शास्त्रज्ञ, गुन्हेशास्त्रज्ञ, ठसेतज्ज्ञ यांच्यासाठी वकिलांसारखी कायद्यानं सक्तीची नोंदणी आपल्याकडे नाही. खासगी गुप्तहेरांसाठी २००७ साली विधेयक आलं होतं, त्याचा कायदा झाला नाही. आणि जिथे कायद्यानं जागा रिकामी सोडली आहे, बरोबर तिथेच ही लॅमिनेटेड कार्डं उगवतात. ताईच्या वडिलांना 'वकिलाला नोंदणी लागते, डॉक्टरला लागते, मग हिलाही लागत असेल' असं वाटलं, यात त्यांची काय चूक?

मग खऱ्या संघटना कोणत्या?

गुन्हेशास्त्राची देशपातळीवरची जुनी संस्था म्हणजे 'इंडियन सोसायटी ऑफ क्रिमिनॉलॉजी'. १९७० साली स्थापन झाली, मुख्यालय चेन्नईत, मद्रास विद्यापीठाच्या गुन्हेशास्त्र विभागात. तिचं नियतकालिक १९७३ पासून निघतं. तिथूनच पुढे १९९२ मध्ये 'इंडियन सोसायटी ऑफ व्हिक्टिमॉलॉजी' निघाली. व्हिक्टिमॉलॉजी म्हणजे ज्याच्यावर गुन्हा झाला त्याचा अभ्यास. आपण बातम्यांत आरोपीचं नाव लक्षात ठेवतो आणि ज्याचं नुकसान झालं त्याला विसरतो, म्हणून हा विषय मला फार मोलाचा वाटला.

न्यायवैद्यक डॉक्टरांची 'इंडियन अकॅडमी ऑफ फॉरेन्सिक मेडिसिन' ही संस्था १९७२ साली गोव्यात, पणजीला जन्मली. त्याच वर्षी आपल्या राज्यातल्या डॉक्टरांनी 'मेडिकोलीगल असोसिएशन ऑफ महाराष्ट्र' काढली. तिचंही स्वतःचं शोधपत्रिकेसारखं नियतकालिक आहे.

या संस्था करतात काय? वर्षातून एकदा परिषद भरवतात, लोक आपापला अभ्यास मांडतात, बाकीचे त्यातल्या चुका काढतात, आणि जे टिकेल ते छापतात. एवढंच. ऐकायला अगदी साधं वाटतं. आपल्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेची मोठी बहीण समजा (फक्त तिथे लोक चहा-बिस्किटाची वाट बघत बसत नाहीत अशी आशा).

अमेरिकेतल्या संस्थेची गोष्ट तर मला आपल्या डीएडवाल्यांची वाटली. तिथे बर्कली नावाच्या गावात ऑगस्ट व्हॉल्मर नावाचा पोस्टमन होता. शिक्षण बेताचंच. १९०५ साली तो गावाचा मार्शल म्हणून निवडून आला, पुढे पोलीसप्रमुख झाला, आणि त्याच्या डोक्यानं घेतलं की पोलिसाला कॉलेजात शिकवलं पाहिजे. पोलिसांसाठी अभ्यासक्रम सुरू करणाऱ्या मोजक्या मंडळींची पहिली बैठक १९४१ च्या डिसेंबरात त्याच्याच घरी झाली. तीच संस्था नावं बदलत बदलत आज 'अमेरिकन सोसायटी ऑफ क्रिमिनॉलॉजी' म्हणून जगभर ओळखली जाते. अशा संस्थांत विद्यार्थ्यांना कमी वर्गणीत सभासद होता येतं. जिल्हा सहसचिव मात्र कुणी करत नाही!

शंख, चक्र आणि एक ठराव

इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण सभासदत्वापेक्षा महत्त्वाची गोष्ट मला इथे सापडली.

आपल्या आज्या बोटांवरचे शंख-चक्र मोजायच्या, आठवतंय? दहाही चक्र म्हणजे राजयोग वगैरे. ठसेशास्त्रही याच आकारांपासून सुरू होतं : गोल फिरणारी चक्रं, वळून परत जाणारे फास, आणि नुसत्या कमानी. या आकारांवरून ठशांची वर्गवारी करून जगातलं पहिलं अंगुलिमुद्रा केंद्र १८९७ मध्ये आपल्या देशात, कोलकात्यात उघडलं. अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस या दोन हिंदी पोलीस अधिकाऱ्यांनी त्या वर्गवारीचं गणित बसवलं. नाव मात्र पद्धतीला साहेबाचं, हेन्रीचं लागलं.

ठसेतज्ज्ञांची जागतिक संस्था म्हणजे 'इंटरनॅशनल असोसिएशन फॉर आयडेंटिफिकेशन'. स्थापना १९१५, कॅलिफोर्नियात. १९७७ पासून ती ठसेतज्ज्ञांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देते. म्हणजे वर्गणी भरून सभासद होणं वेगळं आणि परीक्षा देऊन प्रमाणित होणं वेगळं. हा फरक पालकांनी घट्ट लक्षात ठेवावा. पैसे भरून जे मिळतं ते सभासदत्व. अनुभव दाखवून, परीक्षा देऊन, आणि ठरावीक वर्षांनी पुन्हा सिद्ध करून जे टिकवावं लागतं ते प्रमाणपत्र.

याच संस्थेनं १९७९ साली एक ठराव केला : सभासद तज्ज्ञानं कोर्टात 'हा ठसा बहुधा याचा असावा' असं म्हणायचं नाही. जुळला तर जुळला म्हणा, नाही तर गप्प बसा. हेतू चांगला होता. अर्धवट खात्रीवर कुणी फासावर जाऊ नये. पण याचा उलटा परिणाम काय झाला असेल? 'जुळला' म्हटलं की ते शंभर टक्केच, अशी सवय लागली.

मग २००४ चा मार्च आला. स्पेनमध्ये माद्रिदला रेल्वेगाड्यांत स्फोट झाले. डिटोनेटरच्या एका पिशवीवर ठसा मिळाला. अमेरिकेच्या एफबीआयच्या तज्ज्ञांनी तो आपल्याच देशातल्या ओरेगॉनमधल्या एका वकिलाचा आहे असं सांगितलं. एकानं सांगितलं, दुसऱ्यानं तपासून दुजोरा दिला, तिसऱ्यानंही दिला. वकिलाला अटक झाली. स्पेनचे पोलीस मात्र म्हणत राहिले की आम्हाला हा ठसा जुळताना दिसत नाही. शेवटी स्पेननं तो ठसा दुसऱ्याच, अल्जीरियन माणसाचा असल्याचं दाखवलं. साधारण दोन आठवड्यांनी वकील सुटला आणि एफबीआयनं माफी मागितली.

यात वाईट हेतू कुणाचा नव्हता असं गृहीत धरा. पहिल्यानं काय सांगितलं हे माहीत असताना दुसऱ्यानं तपासलं, हीच गडबड. आपण वर्गात दुसऱ्या शिक्षकाकडून पेपर फेरतपासायला देतो, आणि वर लाल शाईतले मार्क तसेच दिसत असतात, तेव्हा काय होतं ते आपल्याला चांगलं माहीत आहे.

२००९ मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादमीनं फॉरेन्सिक पद्धतींच्या मर्यादांवर मोठा अहवाल काढला. पुढच्याच वर्षी, २०१० मध्ये, त्या ठसेतज्ज्ञांच्या संस्थेनं आपला तीस वर्षं जुना ठराव मागे घेतला. एका व्यवसायातल्या माणसांनी एकत्र येऊन स्वतःची भाषा बदलली. कोर्टात 'आहे' म्हणायचं की 'असावा' म्हणायचं, यावर कुणाचं तरी तुरुंगात जाणं अवलंबून असतं. व्यावसायिक संघटनेचं खरं काम मला इथे दिसलं. कार्डावर हे कुठे छापता येणार?

आपल्या म्हसरूळची गोष्ट

अमेरिकेला जायला नको, नाशिकचंच उदाहरण आहे. विषय नाजूक आहे, पण मुलींच्या पालकांनी वाचावा असा आहे.

एमबीबीएसच्या न्यायवैद्यकशास्त्राच्या अभ्यासक्रमात 'कौमार्याची लक्षणं' असा भाग वर्षानुवर्षं शिकवला जात होता. अत्याचार झालेल्या मुलीची तपासणी करताना डॉक्टर त्याच आधारावर मतं लिहायचे. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी याला शास्त्रीय आधार नाही हे अभ्यास करून मांडलं. त्याआधी 'टू फिंगर टेस्ट'विरुद्धही त्यांनी असाच अहवाल लिहिला होता, आणि तो विषय उच्च न्यायालयापर्यंत गेला होता. २०१९ मध्ये आपल्या नाशिकच्या महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठानं तो भाग अभ्यासक्रमातून काढायचं ठरवलं. ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयानं तर सांगून टाकलं की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी समजला जाईल.

हे काम एखाद्या संघटनेनं केलं असं मी म्हणत नाही. एका प्राध्यापकानं चिकाटीनं केलं. पण त्याला बोलायला, लिहायला, आणि पटलं नाही तर विरोध करायलाही त्याच विषयातली माणसं लागतात. न्यायवैद्यकाच्या डॉक्टरांचा एकमेकांशी संबंधच नसता, प्रत्येक जण आपापल्या शवागारात एकटा बसला असता, तर असा अभ्यास वाचला कुणी असता?

पोलिसांना युनियन का नाही?

हा प्रश्न मला आमच्या शाळेतल्या एका सरांनी विचारला. आपण मोर्चा काढतो, पोलीस बंदोबस्ताला उभे असतात, पण त्यांचा मोर्चा कधी दिसत नाही. बरोबर निरीक्षण आहे.

राज्यघटनेच्या कलम ३३ नं संसदेला अधिकार दिलाय की सैन्य, पोलीस यांच्या मूलभूत हक्कांवर मर्यादा घालता येतील. त्यावरून १९६६ चा पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा आला. परवानगीशिवाय पोलिसाला कामगार संघटनेचं सभासद होता येत नाही. इतकंच काय, दलाचा भाग म्हणून मान्यता नसलेल्या आणि निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या किंवा धार्मिक नसलेल्या कोणत्याही संस्थेत जायचं तरी मंजुरी लागते. म्हणजे ताई उद्या फौजदार झाली, तर हेच कार्ड तिला अडचणीत आणू शकतं!

महाराष्ट्रात पोलीस शिपायांची संघटना एके काळी होती. १९८२ च्या ऑगस्टमध्ये मुंबईत त्यांचा असंतोष रस्त्यावर आला, दंगल उसळली, लष्कर बोलवावं लागलं, आणि संघटनेची मान्यता गेली. आयपीएस अधिकाऱ्यांची असोसिएशन मात्र आजही आहे, आणि ती जाहीरपणे मतंही मांडते. सणासुदीला आपण घरी गोडधोड करतो तेव्हा चौकात बारा-बारा तास उभा असलेला शिपाई आपलं गाऱ्हाणं नेमकं कुठे मांडत असेल, हे मला तरी नीट समजलेलं नाही. बंदीमागचं कारण पटतं. तिची झळ खालच्यालाच जास्त लागते, हेही दिसतं.

तुरुंग, मुलं आणि आपण

साने गुरुजींनी 'श्यामची आई' १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली, हे आपण मुलांना सांगतोच. तुरुंगाच्या आत माणूस बदलू शकतो यावर विश्वास ठेवून काम करणारी एक वेगळी परंपरा आपल्या राज्यात आहे. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेनं (सुरुवात १९३६) गुन्हेशास्त्र हे समाजकार्याच्या अंगानं शिकवलं. तिचा 'प्रयास' हा प्रकल्प १९९० पासून कैद्यांसोबत काम करतो, आणि १९८४ साली मुंबई पोलिसांच्या कार्यालयात महिला-मुलांसाठीचा विशेष कक्ष तिनंच सुरू केला. फॉरेन्सिक म्हणजेच गुन्हेशास्त्र असं मुलांना वाटतं. पण ज्याला रसायनशास्त्र जमत नाही आणि माणसं जमतात, त्याच्यासाठी हा रस्ता आहे.

इथे आणखी एक नाव गोंधळात टाकतं : जिल्हा परिविक्षा व अनुरक्षण संघटना. ही परिविक्षा अधिकाऱ्यांची युनियन नव्हे. अडचणीत सापडलेल्या मुलांसाठी निरीक्षणगृहं चालवणारी संस्था आहे.

आणि एक गोष्ट खास आपल्यासाठी. २०१५ च्या बाल न्याय कायद्याप्रमाणे बाल न्याय मंडळात दंडाधिकाऱ्यांसोबत दोन सामाजिक कार्यकर्ते सदस्य असतात, त्यात एक महिला असावीच लागते. मुलांच्या आरोग्य, शिक्षण किंवा कल्याणाच्या कामात किमान सात वर्षं सक्रिय असलेली व्यक्ती त्यासाठी पात्र धरली जाते. निवृत्तीला आलेल्या आपल्या ज्येष्ठ मॅडमनी जाहिरातीकडे लक्ष ठेवायला हरकत नाही.

आता त्या कार्डाकडे वळू

कार्डाच्या मागे 'शासनमान्य रजि. नं.' असा आकडा होता. वडिलांचा सगळा भरवसा त्या आकड्यावर. मी त्यांना समजावलं : १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली किंवा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली कोणालाही संस्था नोंदवता येते. आपलं महिला मंडळ नोंदणीकृत असतं, गल्लीतलं गणेश मंडळही असू शकतं. नोंदणी म्हणजे 'ही संस्था अस्तित्वात आहे' एवढीच सरकारी पावती. तिच्या सभासदाला तपासाचा, चौकशीचा, नोकरीत प्राधान्याचा अधिकार त्यातून मिळत नाही. धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात विश्वस्तांची नावं आणि हिशेब दाखल झालेत का, याची चौकशी कोणीही करू शकतं.

पोलीस शिपाई भरतीत किंवा एमपीएससीच्या फौजदार परीक्षेत असल्या सभासदत्वाला एकही गुण नाही. कार्ड दाखवून कुणाला दमात घेतलं, तर भारतीय न्याय संहितेतली २०४ आणि २०५ ही कलमं आहेतच : लोकसेवक असल्याची बतावणी करणं, तशी खूण बाळगणं. राजमुद्रेच्या गैरवापरासाठी २००५ चा वेगळा कायदा आहे. सतरा वर्षांच्या मुलीच्या पर्समध्ये हे सगळं लटकत होतं.

खरी संस्था ओळखायची कशी, हे वडिलांनी विचारलं तेव्हा मी त्यांच्याच भाषेत विचारलं, "दादा, तुमच्या कंपनीत नवीन पोरगा आला की त्याला मशीन शिकवतो कोण?" म्हणाले, "जुना ऑपरेटर." मग या संस्थेनं ताईला काय शिकवलं? कोणतं नियतकालिक पाठवलं? कुठल्या परिषदेला बोलावलं? पदाधिकारी निवडून येतात की एकच माणूस कायमचा अध्यक्ष? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "फक्त पावती दिली. तीबी पेनानं लिहिलेली."

साडेचार हजार परत मागायला ते गेले होते. फोन लागत नाही.

ताईला मात्र मी खरे पत्ते दिले. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय न्यायसहायक विज्ञान संस्था आहेत. गांधीनगरच्या राष्ट्रीय न्यायवैद्यक विज्ञान विद्यापीठाचं एक केंद्र गोव्यात आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या नागरिक सुरक्षा संहितेत सात वर्षं किंवा जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांत घटनास्थळी फॉरेन्सिक तज्ज्ञानं जायचं आहे, आणि राज्यांना त्याच्या तयारीसाठी पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. म्हणजे माणसं लागणार. संघटनेचं सभासदत्व पदवीच्या शेवटच्या वर्षी बघू, परिषदेत एखादा छोटा निबंध वाचायला मिळाला तर.

गेल्या शनिवारी मी तिला दप्तराविना शाळेच्या तासाला बोलावलं. स्टॅम्प पॅड, कोरे कागद आणि भिंग. तिच्या भावाच्या वर्गात सगळ्यांच्या अंगठ्यांचे ठसे घेतले. पोरांनी आजीकडून ऐकलेले शंख आणि चक्र मोजायला सुरुवात केली. एका मुलीच्या अंगठ्यावर दोन्ही नव्हतं, नुसती कमान होती. ती रडवेली झाली. ताई तिच्या शेजारी बसली, भिंग तिच्या हातात दिलं आणि म्हणाली, "अगं, कमान सगळ्यात कमी लोकांना असते. थांब, अख्ख्या वर्गात अजून कुणाला आहे का शोधू."